परिटाचा पत्ता

या पानाच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की मी शब्दांच्या मागे लागणारी बाई आहे, पक्ष्यांच्या नव्हे. पण दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस जागा देतात, आणि यंदा एक शब्दच मला पक्ष्यापर्यंत घेऊन गेला.

तो शब्द म्हणजे ‘खंजननयना’. दर वर्षी आमच्या वर्गात तो एकदा तरी उगवतो आणि दर वर्षी मी विचारते, “खंजन म्हणजे काय?” उत्तर ठरलेले. “एक प्रकारचा पक्षी, मॅडम.” कसला प्रकार, केवढा, राहतो कुठे, याची चौकशी गाइडात नसते; मग ती मुलांनी तरी का करावी? उपमान पाठ झाले की त्याचे काम संपले, असा आपल्या अभ्यासक्रमांचा हिशेब आहे. गंमत अशी, की आम्ही हे बोलत असतो तेव्हा तो ‘एक प्रकारचा पक्षी’ बहुधा खिडकीबाहेरच्या मैदानावर, पाण्याच्या नळाजवळ, किडे वेचीत हिंडत असतो.

दिवाळीच्या सुमारास तुम्हीही त्याला पाहिले असेल. पोट पांढरे, पाठ राखाडी, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळी कोर. अंग चिमणीएवढे, पण लांब शेपटीमुळे दिसतो मोठा. चिमणीसारखा टुणटुण उड्या मारीत नाही, माणसासारखा एकामागून एक पाय टाकीत तुरुतुरु चालतो. आणि ती शेपटी सारखी खालीवर, खालीवर. माझ्या सासूबाई वाईच्या. कृष्णेच्या घाटावर त्यांचे बालपण गेले. खंजन वगैरे त्यांना माहीत नाही. त्यांना परीट माहीत आहे. आश्विनात गच्चीवर तो दिसला की हुकूम सुटतो, “परीट आला गं! छत्र्या माळ्यावर टाक आता.”

परीट किंवा धोबी हे नाव किती चपखल आहे पाहा. पाण्याच्या कडेला उभे राहायचे आणि धोपटणे आपटल्यासारखी शेपटी आपटायची! मला ते अस्सल मराठी घाटावरचे नाव वाटत असे. पण स्पॅनिश माणूसही या पक्ष्याला ‘लावांदेरा’ म्हणतो, म्हणजे परटीण; आणि फ्रेंचांचे जुने नाव ‘लावांदिएर’, त्याचाही अर्थ तोच. कुणी कुणाला सांगायला गेले नव्हते. नदी सगळीकडे, धुणे सगळीकडे, आणि हा पक्षीही सगळीकडे.

मात्र त्याच्या शास्त्रीय नावाने मला खरे चकित केले. कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी मुंबई फौजेत होता. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची आकडेवार पाहणी करायला नेमले. मोजायचे होते महसूल आणि माणसे; पण या गृहस्थाने पक्षीही मोजले. दोनशेंहून अधिक जातींची त्याची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने छापली. त्या यादीत आपला परीट आहे, आणि साइक्सने त्याला नाव दिले ‘मोटॅसिला दुखुनेन्सिस’. वाचणाऱ्याला वाटावे पक्ष्याचे काही दुखते आहे! तसे नाही. ‘दुखुन’ म्हणजे साहेबाच्या तोंडचे दख्खन. पांढऱ्या परिटाच्या या उपजातीला आजही ‘दुखुनेन्सिस’ म्हणतात. काही तज्ज्ञ तिला युरोपातल्या परिटांतच धरतात, तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा.

आणि हा नावाने दख्खनी असलेला पक्षी दख्खनमध्ये कधीच घरटे बांधत नाही. त्याचा जन्म सायबेरियाच्या बाजूचा.

हे मी घरी सांगितले तेव्हा सासूबाई भाजी निवडीत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “म्हणजे इथे तो माहेरी येतो की सासरी?”

मला उत्तर देता येईना. तिकडचे त्याचे जिणे असे: मे महिन्यात भिंतीच्या भोकात, लाकडांच्या ढिगात, पुलाखाली कुठेतरी घरटे करायचे. पाचसहा अंडी. दोनेक आठवड्यांत पिले बाहेर, आणखी दोनेक आठवड्यांत ती उडायला लागतात. उत्तरेकडचा उन्हाळी दिवस संपता संपत नाही आणि दलदलीवर चिलटांचे ढग असतात. पिलांची तोंडे भरायला यासारखी सोय नाही. पण हा सारा संसार तीनचार महिन्यांचा. मग थंडी येते, किडे नाहीसे होतात, आणि किड्यांवर जगणाऱ्याला राहून चालत नाही. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तो आपल्याकडे. वर्षाचा मोठा वाटा इथे. पण अंडी तिथे. आता ठरवा माहेर कुठले ते!

सायबेरियातले ओम्स्क शहर आणि आपले पुणे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. नकाशावर सरळ रेघ मारली तर अंतर भरते चार हजार किलोमीटर. वाटेत कझाकस्तानचे माळ, मग डोंगरांची ती भयंकर भिंत. त्या बाजूने येणारे पुष्कळ लहान पक्षी भिंतीला पश्चिमेकडून वळसा घालून अफगाणिस्तान आणि सिंधूच्या खोऱ्यातून उतरतात. परिटाचे वजन वीसपंचवीस ग्रॅम. टपालाच्या साध्या पाकिटाला पहिला टप्पा वीस ग्रॅमचा असतो. म्हणजे याला पाकिटात घातला तर जेमतेम एखादे जास्त तिकीट लावावे लागेल. आणि हा जीव वर्षातून दोनदा ही वाट तुडवतो, म्हणजे उडवतो.

हे कळले कसे? पत्ता लिहून. पक्षी जाळ्यात धरायचा, पायात ॲल्युमिनियमची हलकी कडी घालायची, तिच्यावर क्रमांक आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा अशी इंग्रजीत विनंती. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मेली, माणसेही तापाने आजारी पडली. त्या तापाचा विषाणू रशियातल्या एका विषाणूचा नातलग निघाला. सायबेरियातून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर हा रोग आणीत असतील काय, अशी शंका आली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. पण त्यांचे पत्ते मात्र मिळू लागले. आरोपीची जबानी घेताना त्याचे आत्मचरित्र हाती लागावे तसा हा प्रकार!

कडीची एक अडचण आहे. ती प्रवासाची दोन टोके सांगते, मधली वाट सांगत नाही. त्यासाठी आता दीडएक ग्रॅमचे यंत्र पाठीवर बांधतात. ते फक्त उजेड टिपते. सूर्य किती वाजता उगवला आणि मावळला यावरून पक्षी त्या दिवशी कुठे होता ते काढता येते. अशाच यंत्राने २०१२ साली उघड झाले की अलास्कातला पंचवीस ग्रॅमचा व्हीटइअर पक्षी आशिया ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातो, एका खेपेला साडेचौदा हजार किलोमीटर. त्यापुढे आपला परीट म्हणजे पुणे-मुंबई करणारा पासवाला.

आपल्या पूर्वजांनाही हा दर वर्षीचा येणारा नक्की दिसला होता. तुलसीदासाने किष्किंधाकांडात शरदाचे वर्णन करताना खंजन आल्याची नोंद घेतली आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने तर बृहत्संहितेत खंजनावर एक अख्खा अध्याय लिहिला. तो पहिल्यांदा कुठे दिसला तर काय फळ, हे तर त्यात आहेच. पण गळ्यावर काळे किती यावरून त्याने खंजनाचे प्रकारही पाडले, आणि पिवळा खंजन क्लेशकारक म्हणून बाजूला काढला. फळाचे सोडून द्या. ज्याने गळ्याचा काळा रंग मोजला त्याने पक्षी जवळून पाहिला होता, एवढे नक्की. मग उन्हाळ्यात हा जातो कुठे? उत्तरेकडे लोक म्हणत, त्याच्या डोक्यावर शेंडी उगवते आणि तो अदृश्य होतो. हसू नका. युरोपात कित्येक शतके शहाणी माणसे म्हणत होती की पाकोळ्या हिवाळाभर तळ्याच्या चिखलात झोपतात. चार हजार किलोमीटरपेक्षा शेंडीवर विश्वास ठेवणे सोपे होते.

इथे आल्यावर त्याला हवे असते ते अगदी थोडे: उथळ पाणी आणि त्याची ओली कड. इंग्लंडात १९७०च्या दशकात निकोलस डेव्हिस यांनी टेम्सकाठच्या परिटांचा हिवाळा न्याहाळला. एकेक परीट काठाचा एकेक तुकडा आपला म्हणून राखतो. पाण्याबरोबर वाहून आलेले किडे वेचीत एका कडेने जातो, दुसऱ्या कडेने परततो. तोवर पहिल्या कडेला पुन्हा किडे लागलेले असतात. किडे मुबलक असले की तो एखाद्या पोटभाडेकरूलाही राहू देतो, आणि घुसखोरांना हाकलायला त्याची मदत घेतो. टंचाईच्या दिवशी भाडेकरूला बाहेरची वाट.

हे वाचून मी मुठेच्या काठाने मुद्दाम चालत गेले. जिथे दगडगोट्यांवरून पाणी पसरते तिथे परीट होते. जिथे नदीला सिमेंटची उभी भिंत घातली आहे तिथे काठच नाही. भिंत आणि पाणी, मध्ये काही नाही. तिथे एकही नव्हता. कडी घातलेले परीट पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच जागी सापडले आहेत. ज्याचा तुकडा या वर्षात भिंतीखाली गेला, तो चार हजार किलोमीटर उडून आल्यावर काय करीत असेल?

“दुसरीकडे बिऱ्हाड बघत असेल,” सासूबाई म्हणाल्या. “आपण नाही का, वाडा पाडल्यावर?” त्या पुढे काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही.

यंदा वर्गाला मी एक काम दिले आहे. मैदानावरच्या पक्ष्याकडे आत्ता एकदा पाहायचे आणि मार्चमध्ये पुन्हा पाहायचे. हिवाळाभर त्याचा गळा पांढरा असतो, खाली फक्त ती काळी कोर. जानेवारीनंतर जुनी पिसे गळून नवी येऊ लागतात. कोर वर वर चढत जाते आणि सगळा गळा काळा होतो, वराहमिहिराने लिहून ठेवल्यासारखा. विणीच्या हंगामातला पोशाख आहे तो. लग्न तिकडे, पण कपडे तो इथेच चढवतो, नळाजवळच्या चिखलात उभा राहून. मग एप्रिल लागता लागता एके सकाळी मैदान रिकामे असते. तिकडे ओम्स्कला इर्तिश नदीवरचा बर्फ फुटू लागलेला असतो, आणि रशियातली माणसे म्हणतात, तो या पक्ष्याने शेपटीने फोडला.