तलाव पोहायचा की आग विझवायचा?

मे 2015. दक्षिण आफ्रिकेचे पोलीसमंत्री नाथी न्हलेको पत्रकार परिषदेत घाम पुसत पुसत एक व्हिडिओ दाखवतात. अग्निशमन दलाचे जवान एका स्विमिंग पूलमधलं पाणी खेचून फवारा मारतायत आणि मागे चक्क इटालियन गाणं वाजतंय. मंत्र्यांचं म्हणणं असं की हा पोहण्याचा तलाव नाहीच, हा 'फायर पूल' आहे. राष्ट्राध्यक्षांच्या घराला आग लागली तर पाणी हवं ना! शेजारचा गुरांचा गोठा? गुरं मोकळी फिरली तर सुरक्षेची यंत्रणा उगाच वाजेल, म्हणून. ॲम्फीथिएटर? ती खरं तर माती धरून ठेवणारी भिंत आहे. कोंबड्यांचं खुराडंसुद्धा सुरक्षेत बसवलं होतं.

मी हा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा खूप हसले. नंतर मागचं सगळं वाचत गेले तसं हसू ओसरलं.

घर राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांचं, क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या एन्कांड्ला या गरीब ग्रामीण भागातलं. 'मेल अँड गार्डियन' या वृत्तपत्राने 2009 च्या शेवटी तिथल्या बांधकामाची बातमी दिली. मार्च 2014 मध्ये पब्लिक प्रोटेक्टर थुली माडोन्सेला यांचा अहवाल आला. एकूण खर्चाचा अंदाज होता 24.6 कोटी रँड. पब्लिक प्रोटेक्टर म्हणजे साधारण आपल्याकडच्या लोकपालासारखं पद, पण तिथे ते थेट राज्यघटनेत आहे. आणि माडोन्सेलांना या पदावर नेमलं होतं स्वतः झुमांनीच, 2009 मध्ये.

अहवालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग असा. झुमांनी पैसे चोरले असं माडोन्सेला म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की सुरक्षेच्या नावाखाली तलाव, गोठा, खुराडं, ॲम्फीथिएटर आणि व्हिजिटर सेंटर उभं राहिलं, त्याचा फायदा राष्ट्राध्यक्षांना आणि त्यांच्या कुटुंबाला झाला, आणि हे सगळं डोळ्यांसमोर होत असताना ते गप्प बसले. सरकारी पैशाचं रक्षण करणं हे त्यांचं काम होतं आणि ते घरमालकही होते. या दोन भूमिकांपैकी घरमालक जिंकला. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेच्या 96 व्या कलमात हेच लिहिलंय: मंत्रिमंडळातल्या कुणीही सरकारी जबाबदारी आणि खासगी हित एकमेकांवर आदळतील अशा परिस्थितीत स्वतःला नेऊ नये. चोरी सिद्ध होण्याची वाट बघायची गरजच नाही.

झुमांच्या बाजूने म्हटलं जायचं की त्यांनी काही मागितलंच नव्हतं, अधिकाऱ्यांनी बांधून दिलं. मला हा युक्तिवाद फार ओळखीचा वाटतो, कारण तो मीही वापरलाय. गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या काव्यस्पर्धेत मी प्राथमिक निवडीच्या कमिटीत होते आणि माझ्या मावसबहिणीची कविता आली. कविता चांगली होती. तिला जास्त मार्क द्या असं मी कुणालाही म्हटलं नाही. पण 'ही माझी बहीण आहे, मी बाजूला होते' असंही म्हटलं नाही. ती पुढच्या फेरीत गेली. बाकीच्या दोघांना आमचं नातं माहीत होतं, त्यामुळे मी काही मागायची गरजच नव्हती. हितसंबंध असेच चालतात. मोठ्या खुर्चीतल्या माणसाला मागावं लागत नाही, समोरचे ओळखून घेतात.

आता दुसऱ्या बाजूचा खरोखर वजनदार मुद्दा. अहवाल आल्यावर दोनच महिन्यांत, मे 2014 मध्ये, निवडणूक झाली. लोकांना एन्कांड्ला माहीत होतं, तरी झुमांच्या पक्षाला 62 टक्क्यांहून जास्त मतं पडली. संसदेनेही न्हलेकोंचा 'एक पैसाही देणं लागत नाही' हा अहवाल मंजूर केला. मग निवडून न आलेल्या एका बाईने जनतेच्या कौलावर मात का करावी? आपल्या मंडळातही चर्चेत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. माझं उत्तर असं की मतदान 'राज्य कुणी करायचं' हे ठरवतं. तलावाचं बिल कुणी भरायचं हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच. संसदेत बहुमत असलेला पक्ष आपल्याच नेत्याच्या घराचा हिशेब तपासणार असेल तर तोसुद्धा हितसंबंधांचाच प्रश्न झाला. कुंपणाने शेत खाल्लं का, हे कुंपणालाच विचारायचं?

शेवटी विरोधी पक्ष घटना न्यायालयात गेले. वाद असा होता की पब्लिक प्रोटेक्टरने सांगितलेली उपाययोजना हा नुसता सल्ला आहे की ती पाळलीच पाहिजे? 31 मार्च 2016 ला मुख्य न्यायाधीश मोगोएंग मोगोएंग यांनी अकरा न्यायाधीशांचा एकमुखी निकाल वाचला. ती बंधनकारक आहे. पटत नसेल तर कोर्टात जाऊन रद्द करून घ्या, पण दुर्लक्ष करता येणार नाही. राष्ट्राध्यक्षांनी घटनेचं पालन केलं नाही, आणि त्यांना मोकळं सोडणाऱ्या संसदेनेही नाही. ट्रेझरीने हिशेब करून रक्कम ठरवली: सुमारे 78 लाख रँड.

इथे मला आपले रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे आणि मग पुणं सोडून निघून जाणारे, अशीच त्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. ती ऐकताना आपल्याला अभिमान वाटतो, पण त्या गोष्टीतली खरी अडचण कुणी सांगत नाही. न्याय सांगणाऱ्यालाच गाव सोडावं लागलं. माडोन्सेलांना शिव्या खूप पडल्या, पण त्यांनी आपली सात वर्षांची मुदत पूर्ण केली. त्यांच्या मागे घटनेचं कलम होतं, आणि त्याच्या मागे अकरा न्यायाधीश.

(कॅथलिक म्हणून एक कबुली. पोपसुद्धा एका राष्ट्राचे प्रमुख आहेत, आणि आमच्या चर्चच्या कायद्यानुसार पोपवर खटला चालवणारं कोर्टच नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये व्हॅटिकनच्या कर्मचाऱ्यांना 40 युरोंपेक्षा महाग भेट घ्यायला बंदी केली. चांगलंच केलं. पण वरचा माणूस चांगला निघाला म्हणून नियम आला आणि त्याच्या वर कुणी नाही, ही व्यवस्था मला पुरेशी वाटत नाही. आमच्या घरी हे वाक्य आवडणार नाही.)

निकालानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी झुमांनी टीव्हीवर माफी मागितली, पण राजीनामा दिला नाही. पाच एप्रिलला संसदेत त्यांना हटवण्याचा ठराव आला, तो 143 विरुद्ध 233 मतांनी पडला. पैसे त्यांनी सप्टेंबरमध्ये भरले, तेही व्हीबीएस नावाच्या लहानशा बँकेकडून कर्ज काढून. ही बँक 2018 मध्ये बुडाली, आतूनच लुटली गेली होती. तिच्यात गरिबांच्या भिशी मंडळांचे, अंत्यविधीसाठी साठवलेले पैसे होते. झुमा गेले ते फेब्रुवारी 2018 मध्ये, जेव्हा त्यांच्याच पक्षाला ते जड झाले.

आणि आपल्याला वडोदऱ्यात बसून हे दूरचं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट. झुमांच्या मागचं मोठं प्रकरण गुप्ता बंधूंचं, मूळचे सहारनपूरचे. झुमांचा मुलगा त्यांच्या कंपन्यांमध्ये होता. 2013 मध्ये त्यांच्या घरच्या लग्नाचे पाहुणे घेऊन विमान थेट हवाई दलाच्या तळावर उतरलं होतं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या चारही मोठ्या बँकांनी गुप्तांच्या कंपन्यांशी व्यवहार बंद केले, तेव्हा त्यांची खाती चालू राहिली ती बँक ऑफ बडोदाच्या तिथल्या शाखेत. नंतर या बँकेनेही खाती बंद करायला घेतली तर गुप्ता कोर्टात गेले, आणि 2018 मध्ये बँकेनेच तो देश सोडला. 1908 मध्ये सयाजीराव महाराजांनी या गावात काढलेली हीच ती बँक. माझ्या आईचं पासबुक तिचंच आहे. मी ते कपाटातून काढून उगाचच बराच वेळ बघत बसले होते.

या वर्षीच्या काव्यस्पर्धेची सूचना अजून लागायची आहे. 'स्पर्धकांपैकी कुणी नात्यातलं किंवा जवळचं असल्यास कमिटीतल्या सदस्याने तसं आधी लिहून द्यावं आणि त्या फेरीत बसू नये' अशी एक ओळ त्यात घालावी, असं पत्र मी मॅडमना दिलंय. गेल्या वर्षीचं माझं नाव त्यात पहिलं आहे.