आधी देणं, मग कौतुक

दिवाळी जवळ आली की औद्योगिक वसाहतींतल्या कचेऱ्यांत खोक्यांचे ढीग लागतात. सुकामेव्याची मोठी खोकी ग्राहकांकडे जातात, मिठाईची मधली कायम कामगारांना मिळतात आणि सोनपापडीची छोटी उरलेल्यांच्या वाट्याला येतात. सोबत एक छापील पत्र असतं: आपण आमच्या परिवाराचे सदस्य आहात. या रिवाजाला हल्ली शास्त्राचा आधारही मिळाला आहे. कर्मचाऱ्याला आणि ग्राहकाला आपली कदर होते असं वाटलं पाहिजे, तसं वाटलं की कर्मचारी टिकतो आणि ग्राहक परत येतो, असं व्यवस्थापनाचे सल्लागार सांगतात. वर हेही सांगतात, की याला खर्च जवळजवळ काहीच नाही. या उपदेशात खोटं फारसं नाही. पण त्यातलं ‘खर्च काहीच नाही’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं, आणि माझा वाद तिथेच आहे.

ज्याचं देणं थकवलं आहे त्याचं कौतुक करणं म्हणजे त्याच्या तोंडाला पानं पुसणं. आणि देणं चुकतं केलं म्हणून कौतुकाचा शब्दही न काढणं हा कद्रूपणा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे म्हणायचं तर दोन पक्षांशी भांडावं लागतं. एक पक्ष जुन्या शेठजींचा, दुसरा नव्या मनुष्यबळ विभागाचा.

शेठजींचा पक्ष सरळ आहे. “महिन्याच्या सात तारखेला पगार करतो की! आभार कसले मानायचे? तो काम करतो, मी पैसे देतो, फिटंफाट.” शिवाय एक भीतीही असते: फार कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो आणि दुसऱ्या दिवशी पगारवाढ मागतो.

पगाराने फिटंफाट होते, हे खरं मानलं तर कारखाना आठवडाभरही चालणार नाही. कामगार संघटनांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संप न करता व्यवस्थापनाला जेरीस आणायचं असेल तर त्या ‘नियमानुसार काम’ हे हत्यार काढतात. कुणी काम थांबवत नाही, नेमून दिलेलं आणि नियमात बसणारं तेवढंच करतो. तेवढ्याने गाड्या उशिरा धावू लागतात, टपाल तुंबतं, उत्पादन घसरतं. याचा अर्थ उघड आहे. एरवी रोज जे चालतं ते पगारपत्रकात न लिहिलेल्या कामावर चालतं.

ते काम कसं असतं, ते एखाद्या छोट्या मशीन शॉपमध्ये रात्रपाळीला उभं राहून पाहावं. पहाटेचे चार वाजलेले आहेत, सुपरवायझर केबिनमध्ये पेंगतो आहे. सीएनसीवरच्या ऑपरेटरला कटिंगचा आवाज जरा वेगळा वाटतो. तो मशीन थांबवतो, इन्सर्टची धार बघतो, नुकतेच निघालेले दहाबारा जॉब पुन्हा मायक्रोमीटरने मोजतो आणि मापाबाहेर गेलेले लाल ट्रेमध्ये टाकतो. सकाळी त्याच्या शीटवर नग कमी भरतात आणि त्याबद्दल बोलणी बसतात. त्याने आवाजाकडे दुर्लक्ष केलं असतं तर नग पूर्ण भरले असते आणि आठवड्याने ग्राहकाकडून सबंध लॉट परत आला असता. त्याला पगार मिळतो तो नगांचा. त्याने जी अक्कल वापरली तिचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही. आभार मानायचे असतात ते या कामाचे.

आता राहिली डोक्यावर बसण्याची भीती. कौतुक खोटं असेल तर ते करूच नये. खरं असेल, तर त्या माणसाची किंमत आपण समजत होतो त्यापेक्षा जास्त आहे हे आपणच मान्य केलेलं असतं. मग त्याने ती मागितली तर तो चुकतो कुठे? कौतुकाने माणूस बिघडेल, असं म्हणणाऱ्याला खरी धास्ती आपल्या कबुलीची असते.

दुसरा पक्ष अधिक गोड बोलतो, म्हणून अधिक फसवा आहे. पैशाने माणूस बांधला जात नाही, त्याला मान हवा असतो, असं तो म्हणतो. पुष्टीला फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं नाव घेतलं जातं. त्याच्या संशोधनाचं पुस्तक १९५९ साली निघालं. त्यात पगार, कामाच्या जागेची अवस्था, देखरेखीची पद्धत या गोष्टी एका बाजूला ठेवल्या आहेत, तर साध्य, दाद, जबाबदारी या दुसऱ्या. पहिल्या गोष्टींनी उत्साह वाढत नाही, तो दुसऱ्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष. सल्लागार इथे थांबतात. पहिल्या गोष्टी कमी पडल्या की माणूस नाराज होतो आणि ती नाराजी दुसऱ्या गोष्टींनी भरून निघत नाही, हे हर्झबर्गच सांगतो. ते सांगायचं राहून जातं. त्याने प्रश्न विचारले ते पिट्सबर्ग परिसरातल्या दोनशेच्या आसपास अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना. ओव्हरटाइमचे पैसे दोन महिन्यांनी हातात पडणाऱ्या हेल्परला त्याने काही विचारलं नव्हतं. म्हणजे मान पैशाची जागा घेऊ शकतो असं म्हणायला हर्झबर्गचाही आधार नाही.

मालकाच्या मर्जीवर सोडलेली कदर किती दिवस टिकते, याचं उत्तर मुंबईच्या गिरण्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दिलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या तेजीत गिरणीमालकांनी कामगारांना बोनस दिला. वर्षामागून वर्षं मिळत गेला तसा तो कामगारांच्या घरखर्चाच्या हिशेबात बसला. १९२३ चा बोनस मंदी दाखवून नाकारला गेला आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कामगारांचा बोनसवर कायद्याने बजावता येईल असा हक्क नाही, असं तिने ठरवलं. दिलं ते मालकाच्या खुशीने, आणि खुशी संपली की देणंही संपलं. कामगार बोनसविनाच कामावर परतले.

ही खुशी हक्कात बदलायला चाळीस वर्षं लागली. बोनसच्या प्रश्नावर मेहेर आयोग बसला आणि १९६५ चा बोनस कायदा आला. तोटा झाला तरी किमान बोनस द्यायचा हे तत्त्व मान्य झालं. आज तो ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग. २०१९ च्या वेतन संहितेतही तो कायम राहिला. मधल्या काळात, १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून धुमसलेला असंतोषच कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपापर्यंत पोचला. त्या संपाची कारणं आणखीही होती. पण आजही दिवाळीच्या बोनसचं पाकीट देताना ‘बघा, कंपनी तुमची किती काळजी घेते’ असं भाषण करणाऱ्या अधिकाऱ्याला हा इतिहास कुणीतरी सांगायला हवा. कायद्याने द्यावा लागणारा बोनस ही कंपनीची माया नव्हे. ते देणं आहे, आणि देणं फेडताना भाषण करायचं नसतं.

या देण्यात सगळ्यांची नावं असतात, असंही नाही. गेटवरचे काका आणि झाडलोट करणाऱ्या मावशी कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात. त्यांच्या किमान बोनसची विचारपूस करायला कंपनीला वेळ नसतो, कारण तो ‘कंत्राटदाराचा विषय’ असतो. परिवाराचे सदस्य असल्याचं पत्र मात्र त्यांनाही जातं. पत्र फुकट छापता येतं ना!

आता ग्राहकाकडे वळू. बँकांत, दुकानांत, सरकारी कचेऱ्यांतसुद्धा एक पाटी दिसते. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर आहोत, असा तिचा आशय. खाली महात्मा गांधींचं नाव असतं. गांधींच्या लेखनात हा मजकूर सापडत नाही. ग्राहकाच्या सन्मानाची घोषणाच उसन्या नावाने चालते, यातच बरंच काही आलं. त्याच पाटीखालच्या खिडकीशी गृहकर्जाचा जुना ग्राहक उभा असतो. बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपो दरासारख्या बाहेरच्या मानकाला जोडण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू केला. दर उतरले की नव्यांना त्याचा फायदा लवकर मिळू लागला. जुने कर्जदार मात्र आपसूक नव्या पद्धतीत गेले नाहीत. ज्याने चौकशी केली आणि अर्ज दिला त्यालाच ते दार उघडलं. वर्षानुवर्षं एकही हप्ता न चुकवणाऱ्या त्या ग्राहकाला वाढदिवसाचा एसएमएस मात्र बिनचूक येतो. त्याला शुभेच्छा नकोत. ‘तुमचा दर कमी होऊ शकतो, या कागदावर सही करा,’ असा एक फोन आला असता तर ती खरी कदर होती.

ग्राहक म्हणजे दुसरी कंपनी असेल, तर कौतुकाला आणखी एक वळण लागतं. भेट कंपनीसाठी म्हणून निघते आणि पोचते खरेदी अधिकाऱ्याच्या घरी. भेटीची किंमत जसजशी वाढते तसतशी ती कुणाच्या कामाची दाद आहे आणि कुणाच्या सहीची किंमत, हे ओळखणं अवघड होतं. हे सरकारलाही कळलं आहे. व्यवसायाच्या निमित्ताने एकाला वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला तर त्यावर १० टक्के कर कापण्याचा नियम १ जुलै २०२२ पासून आला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटी हा करातून वजा होणारा खर्च मानायला नकार दिला. उघडपणे, सगळ्यांसमोर देता येत नाही ती भेट आभाराची नसते, एवढी साधी कसोटी पुरते.

सगळ्यांत विपरीत प्रकार मोठ्या कंपन्यांच्या ‘व्हेंडर मीट’मध्ये दिसतो. हॉटेलच्या सभागृहात लघुउद्योजकाला शाल, श्रीफळ आणि ‘उत्कृष्ट पुरवठादार’ अशी ट्रॉफी मिळते, फोटो निघतो. त्याची चार महिन्यांपूर्वीची बिलं तेव्हा अकाउंट्समध्ये पडून असतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. ते व्याज मागायची छाती किती पुरवठादारांना होते? मागितलं की पुढची ऑर्डर गेली. शेवटी आयकर कायद्यातच कलम घालावं लागलं: मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरायची नाही. ट्रॉफी घेऊन परतलेल्या त्या उद्योजकाला स्वतःच्या कामगारांचा बोनस करायचा असतो. मोठ्या कंपनीत अडकलेलं बिल आणि छोट्या शेडमध्ये लांबलेला बोनस ही एकाच साखळीची दोन टोकं आहेत. म्हणूनच कर्मचाऱ्याची कदर आणि व्यवसायातल्या भागीदाराची कदर हे दोन वेगळे विषय नाहीत.

मग करायचं काय? क्रम पाळायचा. आधी देणं, तेही पूर्ण आणि वेळेवर. त्यानंतर कायद्याने सांगितलेलं नाही असं काही. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. भरपाईचा कायदा देशात आला १९२३ साली. सूतकताईच्या खात्यात हवेत ओलावा ठेवणारी यंत्रणा बसवली आणि आग विझवणारे फवारेही. यात मालकाचा फायदा नव्हता असं नाही, ओलाव्याने धागाही कमी तुटतो. पण कामगाराला पत्र लिहून परिवारात घेण्यापेक्षा त्याचा हात यंत्रात सापडला तर काय, याचा विचार आधी करणं, ही कदरीची खरी रीत.

आणि मग शब्द. तो नेमका हवा. ‘सगळ्यांनी छान काम केलं’ हे कुणालाच लागू नसतं. ‘पवार, परवा रात्री तुम्ही मशीन थांबवलंत म्हणून लॉट वाचला’ हे चारचौघांत म्हटलं की पवारांना कळतं, की आपलं काम कुणीतरी पाहिलं. शिवाय शेजारच्या मशीनवरच्या मुलालाही कळतं, की इथे नग कमी भरले तरी चालतील, खराब माल जाता कामा नये. साहेबाने वरच्या साहेबाला अहवाल देताना पवारांचं नाव घेतलं, तर तो शब्द पूर्ण झाला. पुढच्या वेळी आवाज बदलला तर विचारायला न येता मशीन थांबवायचा अधिकारही त्यांना दिला, तर त्याहून मोठी दाद नाही. ग्राहकाच्या बाबतीतही तेच. माल उशिरा जाणार असेल तर त्याने विचारायच्या आत त्याला कळवावं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. चार माणसांच्या शेडवाल्याने काय करावं? त्याचे स्वतःचेच पैसे अडकलेले. पण छोट्या मालकाजवळ मोठ्यापेक्षा एक गोष्ट जास्त असते: त्याला प्रत्येक जण नावाने ठाऊक असतो. पैसे अडकले असतील तर कुठे अडकले आणि कधी देणार, हे त्याने चौघांना बसवून सांगावं आणि तारीख पाळावी. हिशेब उघडा ठेवणाऱ्याला माणसं सांभाळून घेतात. गोड बोलून टाळणाऱ्याला नाही.

मोठ्यांसाठी मात्र सवलत नको. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात संचालकांच्या निवेदनाचा शेवट ठरलेला असतो: कर्मचारी, ग्राहक आणि पुरवठादारांचे मनःपूर्वक आभार. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीला त्याच अहवालात संचालकांचा मोबदला मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हेही छापावं लागतं. ताळेबंदाच्या टिपांत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं किती आहे, तेही असतं. वार्षिक सभेला जाणाऱ्या भागधारकाने आभाराचा परिच्छेद वाचून झाला की हे दोन आकडे शोधावेत आणि उभं राहून त्यांच्यावर प्रश्न विचारावा. आभार कुणाचे आणि किती मानले, ते त्या उत्तरात कळेल.