शेपटीचा सांधा

छोटा डायनोसॉर घडवायला बसलेली मुले आधी डोके करतात, मग पाय. शेपटी उरल्यासुरल्या मातीची! पण हलणारी प्रतिकृती हवी असेल, तर आधी शेपटीकडेच पाहावे. तिचा नमुना जबलपूरच्या मातीतून मिळालेला आहे.

१८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर प्रचंड हाडे सापडली. त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट, मागची गोटीसारखी फुगीर. एकाची गोटी मागच्याच्या वाटीत बसे आणि शेपूट सहज वळे.

घरीही हेच करता येते. शाडूचा एक मणका घडवावा. त्याला तेल लावून प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा घ्यावा. साच्याला आतून साबणाचे दाट पाणी लावून प्लास्टर ओतावे. असे आठ-दहा मणके झाले की मधोमध भोक पाडून इलॅस्टिकच्या दोरीत ओवावेत. गोटी थोडी घासावी, नाहीतर सांधा अडतो.

साचा मात्र टाकू नये. लायडेकर यांचे मूळ मणके पुढे हरवले. त्यांतला एक २०१२ मध्ये डॉ. धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला. मुलांचा मणका फुटला, तर साच्यातून दुसरा निघतो. खऱ्या हाडाला दुसरे नसते.