वीजबिल नुसतं भरायचं की वाचायचंही?



पाचवीच्या गणिताला मी मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क यांची बेरीज मुलं पटापट करतात. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हा भाव ठरवतं कोण?" कुणी म्हणालं वायरमन, कुणी म्हणालं सरकार. घरी विचारून या म्हटलं, तर पालकांकडूनही हीच उत्तरं आली!

मग मी बाजाराचं उदाहरण दिलं. एका दुकानात भाजी महाग असली तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. पण घरी येणारी तार एकच असते, दुसरं दुकानच नाही. म्हणून भाव ठरवायला तिसरा पंच लागतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं १९०७ मध्येच वीज, पाणी, गॅसचे दर आयोगाच्या देखरेखीखाली आणले. आपल्याकडे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये आला. औरंगाबाद शहरात २०११ ते २०१४ वीजवाटपाचं काम खासगी कंपनीकडे होतं, तेव्हाही दर आयोगाचाच होता. वीज शुल्क मात्र राज्य सरकारचा कर आहे.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. वीज कायदा २००३, कलम ६४ नुसार कंपनीला दराचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो. लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग आदेश काढतो. जाहीर सुनावणी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही झालेली आहे. पण सोयगावहून तिथे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. मग उद्योगवाले बोलतात, आपण गप्प राहतो आणि दर वाढला की पारावर कुरकुर करतो.

काही जण म्हणतील, शाळेत राजकारण कशाला? मला हे राजकारण वाटत नाही. आपण पत्रलेखनात 'मामास पत्र' वर्षानुवर्षं घेतो. त्यातच एक हरकतीचं पत्र घ्यावं: आमचा वापर किती, बिल किती, म्हणणं काय. लेखी हरकत पाठवायला एसटीचं भाडं लागत नाही.

पालकहो, या महिन्याचं बिल भरण्याआधी मुलांकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या. आणि शिक्षक मित्रांनो, हा तास तुमच्या वर्गात घेतलात, तर मुलांनी काय विचारलं ते नक्की कळवा.