बाप्तिस्मा आणि पाण्याचा हंडा



बाप्तिस्मा घेतला की जात आपोआप गळून पडते, असे मागच्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांचा अनुभव इतका सरळ नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र पाहा. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, पण सोवळे सोबत घेऊनच: चूल निराळी, पाणी निराळे. पतीनेही सक्ती केली नाही. कुणाच्या हातचे पाणी प्यावे, या प्रश्नाशी त्या मनातल्या मनात झुंजल्या, शिवाशिव सोडली आणि मगच १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. आधी हंडा एक झाला, विधी नंतर.

म्हणून समता खोटी ठरत नाही; ती कमवावी लागते, एवढेच. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, यावरून प्रेषित पौलाने त्यांना खडसावले होतेच की!

मंडळ्यांच्या एकीचेही तसेच; तीही कमवावी लागते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले, ते चार दशकांच्या वाटाघाटींनंतर. जात खरेच गळून पडते का, हे पाहायचे तर आता पत्रलेखकांनी आपल्याच गावातील ख्रिस्ती कुटुंबांच्या सोयरिकी कशा जुळतात, तेवढे विचारून पाहावे.

— एक वाचक, अहिल्यानगर