खोलावं लागेल!

‘खोलावं लागेल’ हे दोन शब्द मराठीत ज्यानं प्रथम शेजारी शेजारी बसवले, त्या गृहस्थाचं तोंड मला एकदा बघायचं आहे. रेडिओ खरखरला, खोलावं लागेल. घड्याळ पाच मिनिटं मागं पडलं, खोलावं लागेल. मिक्सरमधून जळका वास आला, खोलावं लागेल. खोलणारा हे वाक्य उच्चारतो तेव्हा त्याच्या हातात पाना असतोच. तुम्ही हो म्हणेपर्यंत दोन स्क्रू टेबलावर आलेले असतात. मग त्या दोन स्क्रूंकडं बघून माणूस हो म्हणतो.

खोलण्याशी माझं वैर नाही. कधी कधी खोलावंच लागतं. माझं भांडण आहे ते ऐकून न घेता खोलणाऱ्यांशी, आणि हे भांडण मी एका जुन्या डिझेल ट्रकच्या बॉनेटाखाली उभा राहून, पदरचे पैसे पणाला लावून विकत घेतलेलं आहे.

गोष्ट २००९ सालच्या जानेवारीतली. आमचे मेहुणे कराडकडचे. त्यांच्याकडं १९८६ सालचा ट्रक होता. मॉडेल जुनं, रंग मात्र दर दसऱ्याला नवा. हंगामात कराडचा गूळ पुण्याला मार्केट यार्डात आणायचा आणि परतीला मिळेल तो माल भरायचा, हा धंदा. एका संध्याकाळी मेहुणे गूळ उतरवून थेट आमच्या घरी आले ते रिकाम्या हातांनी. मेहुणा गुळाची ढेप न घेता आला की ओळखावं, काम पैशाचं आहे.

“दाजी, बिगएंड गेलं.”

“कधी?” मी विचारलं. माझ्या आवाजाला आपोआप सांत्वनाला गेल्यासारखी कळा आली. आतून सौभाग्यवतींनीही “कोण गेलं रे?” म्हणून विचारलं.

बिगएंड म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला ज्या जागी मिठी मारतो तिथलं बेअरिंग. ते गेलं की दांडा क्रँकवर ठोके घालू लागतो. मग इंजिन खाली उतरवायचं, क्रँक ग्राइंडिंगला पाठवायचा, बेअरिंगं नवी घालायची. आणि एवढं खोललंच आहे तर लायनर-पिस्टनही बदलून घ्या, रोज रोज कुठं खोलता! एकूण पन्नास हजार. शिवाय पंधरा दिवस गाडी उभी. ऐन हंगामात गाडी उभी राहिली की गुऱ्हाळवाले दुसऱ्याच्या गाडीत ढेपा चढवतात, आणि फायनान्सवाल्याचा हप्ता काही गाडीबरोबर उभा राहत नाही. पाच हजार आगाऊ देऊन झाले होते. उरलेले कुणाकडून यायचे, ते मेहुणे माझ्याकडं ज्या प्रेमानं बघत होते त्यावरून कळत होतं.

पैसे आपले जाणार म्हटलं की कुणाचीही बुद्धी चौकस होते.

“आवाज कसा येतो?” मी विचारलं.

“येतो.”

“म्हणजे कसा?”

“टक टक.”

“केव्हा येतो?”

“येतो मधनंच.”

“गॅरेजवाल्यानं काय काय विचारलं?”

“त्यानं कुठं काय विचारलं? गाडी चालू केली, कान लावला न लावला, आणि म्हणाला, खोलावं लागेल.”

मेहुण्यांनी खिशातून गॅरेजचा कागद काढला. तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘नॉइज’. खालच्या अंदाजपत्रकात मात्र सव्वीस ओळी.

नॉइज! अहो, ज्या भाषेत दाराची कडी वेगळी वाजते आणि बिजागरी वेगळी, जिथं पाऊससुद्धा रिमझिम, टपटप आणि धो धो असा पारखून घेतला जातो, त्या भाषेतल्या माणसानं ‘नॉइज’ लिहून मोकळं व्हावं? आवाजाच्या शब्दांना आपण काही महाग नाही. आणि यातला प्रत्येक शब्द इंजिनाच्या बाबतीत फुकटचं निदान असतो. टिकटिक ही टॅपेटची. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट वाढली की येते, आणि येते इंजिनाच्या निम्म्या वेगानं. कारण क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक होते. पाना आणि फीलर गेजची पातळ पत्ती एवढ्यात ती आवरते. किरकिर ही पाण्याच्या पंपाची नाहीतर डायनॅमोच्या बेअरिंगची. फॅनबेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवावं. किरकिर थांबली तर चोर बेल्टावरच राहणारा आहे. फुसफुस नोझलच्या बुडाशी बसवलेल्या तांब्याच्या वॉशरची. क्लच दाबल्याबरोबर बदलते ती घरघर इंजिनाची नव्हेच, ती मागच्या बिऱ्हाडाची. सकाळच्या थंडीत ठपठप करून अंगात ऊब आली की गप्प होतो तो झिजलेला पिस्टन. त्यातून आपल्याला काही माणसंही आठवतील. आणि बिगएंड नेमकं उलटं. गाडी गरम होऊन ऑईल पातळ झालं की ते बोलू लागतं, ऑईलचा काटा खाली झुकतो आणि गाडीवर ओझं पडलं की ठकठक वाढते.

हे मला त्या दिवशी ठाऊक होतं असं नाही. माझं यंत्रज्ञान स्कूटर तिरकी करून किक मारण्यापुरतं. हे सगळं नंतर कळलं, कुणाकडून ते पुढं येईलच.

मुळात डिझेल इंजिन हा काही मुका प्राणी नव्हे. १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलसाहेबांचं इंजिन धड चालू लागलं, तेव्हापासून त्याचा खाक्या एकच. ठिणगीबिणगी काही नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की आत आलेलं तेल आपलं आपण पेटावं. दर पेटण्याला एक ठोका. तेव्हा ‘आवाज येतो’ ही तक्रारच होऊ शकत नाही. काल नव्हता तो आज येतो, अमुक वेळी येतो आणि तमुक वेळी येत नाही, ही तक्रार.

खोलणाऱ्याचा एक सख्खा भाऊ असतो, त्याचाही इथंच समाचार घेतो. हा ‘जुनी गाडी म्हटल्यावर आवाज यायचाच’वाला. आवाज वाढला की हा टेप मोठा करतो. याचा एक पैसा खर्च होत नाही आणि आपण किती शहाणे, असं त्याला वाटत राहतं. मग खरोखरच बिगएंड गेलेलं असलं तर एक दिवस, ऐन गाण्यात, दांडा ब्लॉक फोडून बाहेर येतो. एक भाऊ ऐकायच्या आधी खोलतो, दुसरा ऐकू येऊ नये म्हणून गाणं लावतो. कान दोघांनीही वापरायचा नाही, ही घराण्याची शपथ.

असो. पन्नास हजार काढण्याआधी आवाज स्वतः ऐकायचा असं मी ठरवलं आणि शनिवारी ट्रकनंच कराडला निघालो. केबिनमध्ये मेहुणे, मी आणि क्लीनर. क्लीनर म्हणजे सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, इंजिनाच्या झाकणावर घोंगडी टाकून त्यावर बसलेलं. मागं सिमेंटची पोती भरली होती.

खंबाटकीचा घाट चढताना मी जीव कानात आणून बसलो. इंजिन धापा टाकत होतं, चालत्या माणसानं मागं टाकावं इतक्या वेगानं आम्ही चढत होतो, पण ठकठक नाही. घाटमाथा आला, उतार लागला, मेहुणे ब्रेक मारू लागले, आणि तो आला. ठक-ठक-ठक-ठक! बुडाखाली कुणीतरी हातोडीनं दार वाजवत असल्यासारखा. पाच मिनिटं वाजला आणि सपाटीला आपोआप गेला.

“चढावर का येत नाही रे?” मी मेहुण्यांना विचारलं.

“कवातरी येतो,” मेहुणे म्हणाले.

“उतारालाच येतो,” क्लीनर म्हणाला. “आन् सकाळी गाडी चालू केली की येतो, मग जातो. गावातनं लई ब्रेक मारत आलं की येतो. मोकळ्या रस्त्याला न्हाई.”

“हे तू गॅरेजमध्ये सांगितलंस?”

“मला कुणी इचारलं?”

जो पोरगा त्या इंजिनावर बसत होता, त्यावरच डबा गरम करत होता आणि रात्री त्याच्याच उबेला झोपत होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं. सव्वीस ओळींत त्याची एक ओळ नव्हती.

कराडला पोचल्यावर गाडी त्या गॅरेजात न नेता आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सत्तरीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी पहिली वीस मिनिटं गाडीला हातच लावला नाही. चहा मागवला आणि प्रश्न सुरू केले. कवा लागला? थंड्याला का गरमला? चढाला का उताराला? क्लच दाबल्यावर बदलतो का? गरम झाल्यावर ऑईलचा काटा कुठं असतो? मालकांना एकाचंही उत्तर येईना. पोराला सगळी आली. मिस्त्रींनी मालकाला बाजूला बसवलं आणि पोराला चहा पाजला.

मग त्यांनी इंजिन चालू करून सहा नोझलांच्या सहा पाइपांचे नट एकामागून एक, चिंधी धरून, ढिले करून बघितले. त्यातलं मर्म असं, की ज्या सिलिंडरचं डिझेल तोडाल त्याचं पेटणं थांबतं. ठोका त्याच्याच दांड्याचा असेल तर तो बसतो किंवा निदान बदलतो. सहाही वेळा इंजिन लंगडलं. ठकठक जशीच्या तशी.

“या सहांतला कुणी न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “ह्यो सातवा हाय.”

सहा सिलिंडरच्या इंजिनात सातवा! मेहुण्यांचा चेहरा पन्नासावरून साठ हजारांवर गेला.

सातवा म्हणजे हवेच्या ब्रेकचा कंप्रेसर. हाही इंजिनाच्या कुशीलाच बसतो, इंजिनाच्याच जोरावर फिरतो. त्याला स्वतःचा पिस्टन, स्वतःचा दांडा, स्वतःचं बेअरिंग. त्यामुळं त्याचा ठोका हुबेहूब थोरल्या भावासारखा. काम एवढंच, की टाकीत हवा भरायची. टाकीचा काटा सात किलोच्या पुढं गेला की एक व्हॉल्व्ह फुस्स करून उघडतो आणि कंप्रेसर नुसता मोकळा फिरत राहतो. ब्रेक मारले, हवा उतरली, की पुन्हा कामाला. आता क्लीनरचं म्हणणं आठवून बघा. सकाळी टाकी रिकामी. उताराला ब्रेक. गावात ब्रेक. निदान पोरानं केलेलंच होतं, फक्त त्याला कंप्रेसरचं नाव ठाऊक नव्हतं.

मिस्त्रींनी टाकीखालचा नळ उघडून सगळी हवा सोडली आणि गाडी चालू केली. ठक-ठक-ठक. काटा चढू लागला. तीन, चार, पाच. आम्ही चौघं चार पावलांवर उभे राहून काट्याकडं आणि एकमेकांकडं बघत होतो. सहा. सात. फुस्स! आणि ठकठक बंद. मिस्त्रींनी पोराला केबिनमध्ये चढवून दहा-बारा ब्रेक मारायला लावले. काटा उतरला, ठकठक हजर. शेवटी खात्रीसाठी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कंप्रेसरवर टेकवून मूठ त्यांनी कानामागच्या हाडाला लावली, आणि मग ती माझ्या कानामागं धरली. १८१६ साली पॅरिसमध्ये लानेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली तेव्हा त्याला काय वाटलं असेल, ते मला त्या दिवशी कराडच्या नाक्यावर कळलं.

“खोलावं लागेल,” मिस्त्री म्हणाले.

बघा! शब्द तेच. पण काय खोलायचं, का खोलायचं आणि आत काय सापडणार, हे सांगून झाल्यावर म्हणाले. आत दांड्याचं बुश झिजून सैल झालं होतं. मजुरीसकट दोन हजारांच्या आत काम झालं आणि तिसऱ्या दिवशी गाडी गुळात गेली. इंजिनावर पन्नास हजार खर्चून तोच कंप्रेसर पुन्हा बसवला असता तर आवाज तसाच राहिला असता, हे झालं पैशाचं. पण तो सातवा एखाद्या दिवशी भरल्या गाडीनिशी उतारावर बसला असता, तर टाकीत हवा भरणारं कुणी नव्हतं. त्या रात्री मेहुण्यांनी हे दोनदा बोलून दाखवलं आणि तिसऱ्यांदा बोलायचं टाळलं.

आता नव्या गाड्यांत संगणक आहेत, केबल जोडली की आकडे येतात. जुन्या गाड्यांचे लोकही पुढं गेलेत, मोबाइलवर वीस सेकंद आवाज भरतात, मिस्त्रीला पाठवतात आणि लिहितात, “काय झालं असेल?” वीस सेकंदांत ठकठक ऐकू येते. चढ होता की उतार, हे ऐकू येत नाही.

मेहुणे पुढच्या आठवड्यात त्या गॅरेजात पाच हजार परत मागायला गेले. बिगएंड शाबूत आहे, हे त्यांनी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. गॅरेजवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या आयुष्यात त्यानं पहिल्यांदाच काहीतरी ऐकून घेतलं असावं.

“आज गेलं नसंल,” तो म्हणाला, “पर कवातरी जाणारच की. पैसं ऱ्हाऊ द्या जमा. आणाल तवा खोलू.”