दुपारी चारचं कुलूप

२ ऑगस्ट २०२१ आठवतोय का? त्या दिवशी राज्यातल्या २२ जिल्ह्यांना दुकानं रात्री आठपर्यंत उघडी ठेवायची परवानगी मिळाली. निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांच्या यादीत आपला सातारा पण होता आणि सांगली पण. आपल्याकडं दुपारी चार म्हणजे चार. किराणा-औषधं सोडली तर शनिवार-रविवार पूर्ण कुलूप.

रुग्ण होते, हे खरंच आहे. कोरोना खोटा म्हणणाऱ्यातला मी नाही. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरनं कडक बंद पाळून साखळी कशी तोडली ते सगळ्या राज्यानं बघितलं. माझा प्रश्न वेगळा आहे. चारचा नियम नक्की कुणावर बसला?

वडापावच्या गाड्याचा धंदा सुरूच होतो पाचला. भेळवाला, भडंगवाला, टेलर, सलूनवाला, सगळ्यांचं गिऱ्हाईक संध्याकाळचं, कामावरून सुटलेलं. त्यांना चार वाजता बंद कर म्हणणं म्हणजे उघडूच नको म्हणणं. आणि सगळा गाव दहा ते चारच्या आत बाजारात आला की गर्दी कमी होत नसते राव, दाट होते. सांगलीत तर जुलैच्या पुराचा चिखल काढून शटर वर करतोय तोवर ही वेळ.

मग लोकं जगली कशी? आमच्या गल्लीतल्या टेलरनं पहिल्या वर्षी मास्क शिवले, दुसऱ्या वर्षी त्यालाही गिऱ्हाईक उरलं नाही. दोन उन्हाळ्यांचे लग्नाचे सीझन गेलेला मंडपवाला टेम्पोतून भाजी विकायला लागला. किराणावाला व्हॉट्सअॅपवर यादी घेऊन माल घरपोच द्यायचा, पण वहीतली उधारी वाढतच गेली. बाकी घरोघरी एकच उपाय, बायकोचं डोरलं गहाण. त्यातली किती सुटली, ते आपापल्या घरात विचारा.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. स्वनिधीतून पथविक्रेत्यांना १० हजारांचं कर्ज मिळालं, पण ती योजना शहरातल्यांसाठी. एप्रिल २०२१ मध्ये १५०० रुपये जाहीर झाले, ते नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षावाल्यांना. हप्ते सहा महिने थांबले, व्याज मात्र चालूच राहिलं. तारण नसलेलं नवं कर्ज निघालं, पण ज्याचं आधीच बँकेत खातं रंगलेलं होतं त्याला. भिशीवर आणि हातउसन्यावर धंदा करणारा माणूस कुठल्याच कागदावर नव्हता. म्हसवड-दहिवडी, जत-आटपाडीच्या आठवडी बाजारात पाल टाकून बसणाऱ्या मावशीला यातलं काय मिळालं? बाजारच बंद, म्हणजे विषय संपला.

महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात आहेत, पण दोघांचं एकमेकाशी काय जुळतं? पाऊस नाही, धंदा नाही, साथ तरी कशी जुळेल? तरी नियम जिल्ह्याच्या सरासरीवर. पुढची साथ आली तर बंदचा निर्णय तालुकावार घ्या, आणि वेळ कापण्यापेक्षा दुकानांच्या वेळा वाटून द्या. सकाळच्या धंद्याला सकाळ, संध्याकाळच्याला संध्याकाळ.

आणि आठवडी बाजाराची पावती फाडताना ग्रामपंचायतीनं विक्रेत्याचं नावही वहीत लिहून घ्यावं. पावती तर दर आठवड्याला फाडताच की. आपल्या गावात अशी वही आहे का, येत्या ग्रामसभेत विचारून बघा आणि उत्तर काय मिळालं ते खाली लिहा.